दगडफेकीचं कौतुक? मला नाही दिसलं

नमस्कार, एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत त्याबद्दल आधी आभार, नाहीतर लोक लाइक ठोकून पुढे जातात. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की 'ला एन' (१९९५) काय नि 'ले मिझेराब्ल' (२०१९) काय, हे पिक्चर फ्रान्समधल्या स्थलांतरितांच्या दंगलखोर पोरांना हिरो करतात, पोलिसांना व्हिलन करतात, आणि गरिबी तर सगळीकडेच असते, म्हणून काय सगळे गाड्या जाळत सुटतात का.

शेवटचं एकदम मान्य. पण ते 'ला एन'लाही मान्य आहे हो! ह्युबेर आठवतोय का, पॅरिसबाहेरच्या वस्तीतल्या त्या तीन मित्रांतला (व्हिन्स, सईद, ह्युबेर) बॉक्सर? त्याने खटपट करून वस्तीत उभी केलेली जिम दंगलीत जळून खाक होते, आणि ती जाळायला काही बाहेरून कोणी आलेलं नसतं. दंगलीचं कौतुकच करायचं असेल तर दिग्दर्शक हे कशाला दाखवेल? आणि व्हिन्स, ज्याला पोलिसाचं हरवलेलं रिव्हॉल्व्हर सापडतं, तो दिवसभर नुसत्या बाता मारतो की पोलिसांच्या मारहाणीने कोमात गेलेला मित्र दगावला तर एका पोलिसाला उडवणार, आणि खरी वेळ येते तेव्हा समोर एक स्किनहेड (टक्कल केलेला वंशद्वेषी गुंड) असतो नि याच्याच्याने चाप ओढवत नाही. पुढे (स्पॉयलर आहे, पण ३० वर्षं झाली आता) तो ते रिव्हॉल्व्हर देऊन टाकतो आणि मग मरतो, तेही पोलिसाने दम द्यायला डोक्याला लावलेलं पिस्तूल उडाल्यामुळे. यात हिरोगिरी कुठाय?

पोलिसांबद्दल. सईद पॅरिसमध्ये एका पोलिसाला पत्ता विचारतो, तो त्याला चक्क अहो-जाहो करतो आणि सईद चाटच पडतो. त्याच पॅरिसमध्ये नंतर दोन पोलीस त्याला आणि ह्युबेरला चौकीत खुर्चीला अडकवून छळतात. पण तिथे कोपऱ्यात बसलेला तिसरा बघा, नवशिका आहे, बाकीचे दोघं त्याला 'कसं करायचं' ते दाखवतायत. त्याला ते बघवत नाही हे चेहऱ्यावर स्पष्ट दिसतं, पण गडी जागचा उठत नाही. माझ्या मते अख्खा सिनेमा त्या नवशिक्याच्या खुर्चीत बसलाय. हिंसा पोरांकडून पोरांकडे जाते हे कोणीही दाखवेल, ती सीनियरकडून ज्युनियरकडेही अशी ड्युटी समजावल्यासारखी जाते हे किती जण दाखवतात? 'ले मिझेराब्ल'मध्ये पोराच्या तोंडावर रबरी गोळी झाडणारा पोलीस स्वतः कृष्णवर्णीय आहे, आणि पोराला दवाखान्यात न्यायचं सोडून आधी धावाधाव कशाची, तर हे सगळं टिपलेल्या एका पोराच्या ड्रोनमधल्या व्हिडिओची.

'सिनेमाने चिथावणी मिळते' म्हणालात. 'ला एन'मागे १९९३ साली पॅरिसमध्ये पोलीस कोठडीत गोळी लागून मेलेल्या तरुणाची खरी घटना आहे, म्हणजे आधी काय झालं ते बघा. फ्रान्सचे तेव्हाचे पंतप्रधान आलँ ज्युपे यांनी तर मंत्र्यांसाठी खास शो ठेवला होता. सगळ्यांनी बघितला, आणि १० वर्षांनी पॅरिसजवळच्या क्लिशी-सू-ब्वा उपनगरात पोलिसांपासून पळताना १५ आणि १७ वर्षांची दोन मुलं विजेच्या सबस्टेशनमध्ये जाऊन मेली, तीन आठवडे देश पेटला, आणि सरकारने आणीबाणी लावली ती १९५५ च्या, अल्जीरिया या फ्रान्सच्या ताब्यातल्या देशातल्या स्वातंत्र्ययुद्धाच्या वेळच्या कायद्याने! आजोबांच्या वेळचा कायदा नातवंडांवर, जी फ्रान्समध्येच जन्मली, तिथलीच नागरिक आहेत.

हां, वस्तीतलं एक पोर मारलं गेल्यावर पेटलेल्या दंगलीवरच्या 'अथेना' (२०२२) या सिनेमावर मात्र तुम्ही तुटून पडलात तर मी तुमच्या बाजूने. सुरुवातीचा तो न तोडलेला लांबलचक शॉट इतका देखणा आहे की आग बघायला मजा येते, आणि शेवटी कळतं की मुलाला मारणारे पोलीस नव्हतेच, पोलिसांच्या वेशातले कट्टर उजवे होते, म्हणजे सगळेच सुटले! शिवाय या तिन्हीत मुली कुठे आहेत? बहिणी, आया दारात उभ्या राहून ओरडण्यापुरत्या. यावर खुशाल टीका करा, मीही करणारच आहे.