थेंब, बुडबुडे आणि विरजण

आई सांगलीहून आली, तळघराचा जिना उतरली आणि तिने पहिला प्रश्न विचारला, "वर शेगडी विजेची आहे ना? मग गॅसचं सिलिंडर इथे कशाला?"

आता हिला कसं सांगायचं, की हे सिलिंडर दगड विरघळवायला आणलंय.

एडिसनच्या आमच्या घरात तळघराच्या भिंतीला लागून 120 गॅलनची, म्हणजे साधारण साडेचारशे लिटरची समुद्री टाकी आहे. तिच्यात चार मासे आणि दगडी प्रवाळाच्या पंधरा-वीस काड्या. हे सगळं न्यू जर्सीत आहे म्हणून उजळ माथ्याने लिहितो आहे. भारतात दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये, म्हणजे थेट वाघाच्या पंगतीला बसतं. हे मी आईला कौतुकाने सांगितलं, तर ती बायकोकडे वळून म्हणाली, "म्हणजे घरात वाघच पाळलाय म्हण की. तरीच खर्च."

प्रवाळ आपला सांगाडा पाण्यातल्या कॅल्शियमपासून आणि कार्बोनेटपासून बांधतं. समुद्राला त्याचं काही वाटत नाही. तिथे लिटरमागे सुमारे 420 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं आणि गोदाम अथांग. टाकीतलं मात्र वाण्याच्या उधारीसारखं रोज थोडं थोडं चढत जातं आणि ते रोज भागवावं लागतं. सुरुवातीला मी ते 'काल्कवासर' नावाच्या जर्मन प्रकाराने भागवत होतो. तीन महिन्यांनी लक्षात आलं, की या शब्दाचा अर्थ चुन्याचं पाणी. शाळेत जिला आम्ही चुन्याची निवळी म्हणायचो तीच मी डॉलर मोजून डब्यातून आणत होतो. स्वतःला इतक्या शब्दशः चुना लावून घेतलेला माणूस आमच्या घराण्यात दुसरा नसेल.

मग डोक्यात कॅल्शियम रिअ‍ॅक्टर शिरला.

पाण्यात कार्बोनेटचा साठा किती, याचं माप म्हणजे अल्कलिनिटी. बायकोचं म्हणणं साधं होतं. "अरे, टाकीची अल्कलिनिटी दिवसाला अर्धा अंश उतरते. दोन चमचे पावडरीत भागतंय. त्याला अकराशे डॉलरचं यंत्र कशाला?" हा प्रश्न इतका बिनतोड होता, की मी त्याच रात्री ऑर्डर देऊन टाकली.

रिअ‍ॅक्टर म्हणजे खरं तर आठवी-नववीचा प्रयोग. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकलं की ती दुधाळ होते, इथपर्यंत सगळ्यांना आठवतं. पण कार्बन डायऑक्साइड तसाच सोडत राहिलात तर ती दुधाळ निवळी पुन्हा नितळ होते. कॅल्शियमचं कार्बोनेट पाण्यात विरघळत नाही, बायकार्बोनेट विरघळतं. परीक्षेत हा दुसरा भाग एका मार्काला असायचा आणि मी तो सोडून द्यायचो. तो एक मार्क आता वसूल होत होता. काचेसारख्या नळकांड्यात प्रवाळाचीच जुनी खडी भरायची, त्यात टाकीचं पाणी गोल गोल फिरवायचं आणि वर कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सोडायचे. समुद्राच्या पाण्याचा पीएच 8 च्या थोडा वर असतो, तो नळकांड्यात 6.6 च्या आसपास उतरवायचा. खडी हळूहळू विरघळते आणि ते कडक पाणी थेंब थेंब टाकीत पडतं. एकाचे वाडवडील विरघळवून दुसऱ्याला पाजायचे, असा एकूण मामला.

जोडणीत एक शनिवार गेला. रेग्युलेटरच्या जोडांना साबणाचा फेस लावून गळती बघायची हे आईनेच सांगितलं. गॅसवाला सांगलीत तसंच करायचा. पीएचचा प्रोब 7 च्या द्रावणात बुडवला, मग 4 च्या. दोन पुड्यांपैकी एक बायकोने लिंबू सरबताची समजून फ्रिजमध्ये ठेवली होती, ती शोधण्यात तास गेला. संध्याकाळी पंप सुरू झाला, बुडबुडामापकात पहिला बुडबुडा वर चढला आणि मी टाळ्या वाजवल्या. हे थांबण्यासारखं ठिकाण होतं.

पण इथे दोन चाव्या असतात. एक बुडबुड्यांची, दुसरी थेंबांची. लहानपणी गावोगावच्या लॉजवर गरम आणि गार असे दोन नळ असायचे, आठवतात? गरम सोडावं तर काही नाही, म्हणून आणखी सोडावं, आणि नेमका अंगाला साबण लावल्यावर उकळता लोट यावा. रिअ‍ॅक्टर तेच करतो, फक्त लोट दोन दिवसांनी येतो. थेंब वाढवले की नळकांड्यातला पीएच चढतो, म्हणून बुडबुडे वाढवायचे. बुडबुडे वाढले की पाणी जास्त कडक होतं, म्हणून थेंब कमी करायचे. थेंब कमी केले की पीएच कोसळतो. जाणकार सांगतात, एका वेळी एकच चावी, तीही केसभर, आणि मग चोवीस तास हात लावायचा नाही.

चोवीस तास! मी वरणाला फोडणी देताना मोहरी तडतडायची वाट बघू शकत नाही.

रविवारी अल्कलिनिटी 7.6 होती, मला हवी होती 8.5. सोमवारीही 7.6. चावी केसभर फिरवली. मंगळवारी 7.6. आणखी एक केस. बुधवारी रात्री तर मी आख्खी बट फिरवली आणि पीएच सांभाळणाऱ्या कंट्रोलरवरचा आकडाही 6.2 वर उतरवून ठेवला. त्यात मोजणी म्हणजे रंगांचा खेळ. नळीत थेंब टाकायचे आणि रंग पालटला की थांबायचं. कॅल्शियमच्या चाचणीत गुलाबीचा निळा व्हावा लागतो. मी म्हणालो, निळा झाला. बायको म्हणाली, जांभळट आहे. आई चष्मा सारखा करून म्हणाली, "हा तर सरळ राणी कलर." अशा तीन परीक्षकांमध्ये आकडा ठरायचा.

शनिवारी अल्कलिनिटी 11 निघाली. अ‍ॅक्रोपोराची, म्हणजे माझ्या फांद्याफांद्यांच्या प्रवाळाची, टोकं पांढरी पडली होती, आणि तिकडे नळकांड्यात पीएच इतका खाली गेला होता, की खडीचा भिजल्या पोह्यांसारखा लगदा झाला होता. सगळं बंद केलं. खडी उपसली, धुतली, नवी भरली. कंट्रोलर पुन्हा 6.6 वर आणला.

मग सोलेनॉइड, म्हणजे गॅसची विजेवर चालणारी झडप. पीएच ठरलेल्या आकड्याखाली गेला की तो गॅस बंद करतो, वर गेला की सोडतो, आणि दर वेळी 'टक्' करतो. आईची खोली तळघरातच. पहिल्या रात्री ती घड्याळ शोधत होती, दुसऱ्या रात्री पाल. तिसऱ्या सकाळी मी खाली आलो तर आई बुडबुडामापकासमोर खुर्ची टाकून बसलेली, हातात जपाची माळ.

"झोप येत नाही म्हणून नाव घेत होते," ती म्हणाली. "तुझा बुडबुडा आणि माझा मणी बरोबर चालतात. एक माळ सहा मिनिटांत होते."

मी हिशेब केला. 108 भागिले 6, मिनिटाला 18. मी स्टॉपवॉच घेऊन आठवडाभर मोजत होतो आणि माझा प्रत्येक आकडा वेगळा यायचा.

पुढच्या आठवड्यात थेंबच थांबले. बारीक चावीत चिकट गाळ साचतो, हा या यंत्राचा जन्मजात आजार. मी सुई, टाचणी, फुंकर असं करत होतो. आई म्हणाली, "अरे, हरिपूरला पिंडीवरची गळती तुंबली की गुरव काय करतो? भोक कोरत बसत नाही. एकदा मोकळी धार सोडतो, घाण निघून जाते, मग आवळतो." मी चावी पूर्ण उघडली. राखाडी पाण्याची एक पिचकारी माझ्या शर्टावर आली आणि पाणी वाहतं झालं. आईने ती आवळत आवळत सेकंदाला दोन थेंबांवर आणली आणि नकळत हात जोडले.

गॅस भरून आणणं हे आणखी एक प्रकरण. आमच्याकडे तो घरी बिअर बनवणाऱ्यांच्या दुकानात मिळतो. काउंटरवरच्या मुलाने विचारलं, काय बनवताय? मी म्हणालो, दगड. त्याने सिलिंडरवरची तारीख पाहिली आणि परत दिला. दर पाच वर्षांनी दाबाची चाचणी लागते आणि जुन्या बाजारातून आणलेला माझा सिलिंडर ती विसरून गेला होता. शिवाय आत द्रव असेपर्यंत दाबाचा काटा जागचा हलत नाही. भरलेलाही तेच दाखवतो, संपत आलेलाही. मला हे फसवणुकीसारखं वाटलं. आईने सिलिंडर दोन हातांनी उचलून डुलवला. "अजून पंधरा दिवस जाईल," ती म्हणाली. चाळीस वर्षं तिने स्वयंपाकघरात हेच केलंय.

मग मला कामासाठी पाच दिवस बोस्टनला जावं लागलं. निघताना दोघींना बजावलं, कशालाही हात लावू नका. बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि काहीच बोलली नाही. रोज संध्याकाळी तिचा मेसेज यायचा. 8.4. 8.5. 8.4. 8.5. 8.5. पाच दिवस ओळीने असे आकडे माझ्या राज्यात कधी आले नव्हते.

परत आलो तर अ‍ॅक्रोपोराच्या टोकांना पुन्हा जांभळा कोंब धरलेला. "काय केलंत तुम्ही?" मी विचारलं.

"काही नाही," आई म्हणाली. "तू लहान होतास तेव्हा विरजण लावलं की दर अर्ध्या तासाने झाकण काढून बोट घालून बघायचास. तुझ्यामुळे आपल्याकडे सहा वर्षं दही लागलं नाही. तू मुंजीला आजोळी गेलास त्या आठवड्यात कवडीदार लागलं होतं."

त्या रात्री अकराला मी चोरपावलांनी तळघरात उतरलो. टाकीचे निळे दिवे मंद झाले होते, थेंब पडत होते, दोन, दोन, दोन. आकडा 8.5 च होता. पण 8.7 झाला तर कोंब आणखी वाढतील, आणि त्याला लागणार तरी काय, केसभर. मी हात पुढे केला.

अंधारातून माळेचे मणी थांबल्याचा आवाज आला.

"बोट," आई म्हणाली.