मुलगा कुठे असतो?

आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवाळीच्या आगेमागे एक भांडण ठरलेलं. या वेळी नानाकाकांनी बातमी टाकली की आईला घराबाहेर काढणाऱ्या मुलाला प्रांताधिकाऱ्यांनी पोटगी भरायला लावली. खाली शेरा : ‘अमेरिकेचं लोण.’ मग मोर्चा माझ्याकडे. ‘काय रे, तुमच्याकडे म्हातारी माणसं रस्त्यावरच झोपतात ना?’

झोपतात, नाना. मी १६ वर्षं कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलमध्ये राहतोय. इथून जाणाऱ्या एल कमिनो रिआल रस्त्यावर २२ नंबरची बस वर्षानुवर्षं रात्रभर धावायची. तिला लोक ‘हॉटेल २२’ म्हणत, कारण पालो आल्टो ते सॅन होजे अशा खेपा करत माणसं तिच्यात झोप काढायची. बाहेर ॲपल आणि गूगलची गावं. पण या माणसांना पोरांनी टाकलं म्हणून ती तिथे पोचली, हा नानांचा समज मला आता पटत नाही. आधी माझाही तोच होता.

लायब्ररीत एक बाई भेटतात, ६९ वर्षांच्या. शाळेच्या कॅन्टीनमध्ये नोकरी झाली. एकाच घरात १९ वर्षं भाड्याने राहिल्या. मालक वारला, मुलांनी घर विकलं, नव्या मालकाला ते पाडायचं होतं. सोशल सिक्युरिटीचे, म्हणजे सरकारी पेन्शनचे, महिन्याला १,४०० डॉलर मिळतात; इथे अडीच हजारांच्या आत एक बेडरूम मिळाली तर नशीब. आता त्या जुन्या टोयोटात झोपतात. त्यांना मधुमेह आहे. इन्सुलिनची पेनं रुंद तोंडाच्या थर्मासात ठेवतात. रोज सकाळी पेट्रोल पंपावर सगळ्यात छोटा कप विकत घ्यायचा, सोड्याच्या मशीनमधून तो नुसत्या बर्फाने भरायचा आणि बर्फ थर्मासात ओतायचा. पेन बर्फाला टेकलं तर औषध वाया जातं, म्हणून मध्ये एक पायमोजा. हे त्यांनी मला लोणच्याची कृती सांगावी तसं सांगितलं.

मी अर्थातच विचारलं, ‘मुलगा?’ आहे. सॅक्रॅमेंटोला. दोन खोल्या, बायको, तीन मुलं, आणि भाडेकरारात आणखी माणूस ठेवायला मनाई. रोज रात्री फोन करतो. गाडीचे दरवाजे लॉक केलेस का, हा त्याचा शेवटचा प्रश्न असतो.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेने २०२३ मध्ये राज्यातल्या बेघरांची मोठी पाहणी प्रसिद्ध केली. एकट्या राहणाऱ्या बेघर प्रौढांपैकी ४८ टक्के पन्नाशीच्या पुढचे, आणि त्यातल्या ४१ टक्क्यांवर ही पाळी आयुष्यात पहिल्यांदा आली तीच पन्नाशीनंतर. म्हणजे ही जन्मभर भटकलेली माणसं नव्हेत. घर जाण्याआधी पाहणीतल्या बेघरांची महिन्याची मिळकत होती साधारण ९६० डॉलर, तीही अख्ख्या घराची. हिशेब इथेच संपतो, संस्कारापर्यंत जावंच लागत नाही.

उलट माझ्या शेजारचे आजोबा बघा. घर सत्तरच्या दशकात घेतलेलं. १९७८ च्या ‘प्रॉपोझिशन १३’ या इथल्या कायद्यामुळे घरपट्टीसाठी धरायची किंमत वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढू शकत नाही. त्यामुळे चार बेडरूमच्या घरात ते एकटेच गुलाब लावत मजेत म्हातारे होताहेत. मुलगी बॉस्टनला, तीन वर्षांत एकदा आलेली. त्यांना कोणी ‘टाकलेलं’ म्हणत नाही. मुंबईतले पागडीवाले आणि ११ महिन्यांच्या करारावर राहणारे यांच्यातला फरक ज्यांनी पाहिलाय त्यांना हे लगेच कळेल.

राहत्या घरीच म्हातारपण काढता यावं म्हणून इथे चांगलं कामही झालंय. सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमध्ये १९७१ मध्ये ‘ऑन लोक’ ही संस्था सुरू झाली. गाडी येऊन म्हाताऱ्यांना केंद्रात नेते, तिथे डॉक्टर, जेवण, व्यायाम, संध्याकाळी परत घरी. पुढे हाच नमुना देशभर गेला. पण गाडी थांबायला आधी दार लागतं. म्हणून त्यांना पुढे घरंही बांधावी लागली.

आपल्याकडे चर्चा दाराशी येतच नाही, मुलापाशी अडते. २००७ चा ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा वाचून बघा, नाना. मुलांवर सांभाळायचं बंधन आहे, पोटगीची कमाल मर्यादा महिना १०,००० रुपये. निराधारांसाठी प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, दीडशे जणांचा वृद्धाश्रम सरकारला मात्र ‘स्थापन करता येईल’. मुलाने केलंच पाहिजे, सरकारने जमलं तर. महाराष्ट्रात निराधार म्हाताऱ्यांना महिना १,५०० रुपये देणाऱ्या योजनेचं नाव काय, तर श्रावणबाळ. पैसे सरकारचे, तरी नाव पोराचं! ज्याला पोर नाही, किंवा पोरच दहा बाय दहात राहतं, त्याने काय करायचं?

मी परदेशात बसून हे लिहितोय हे मला ठाऊक आहे. माझी आई डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तिने प्लॅस्टिकची खुर्ची ठेवलीय. भाजीची पिशवी खाली ठेवून तिथे पाच मिनिटं बसते, मग उरलेल्या १८ पायऱ्या. खुर्ची अडचणीची आहे अशी चिठ्ठी सोसायटीने दोनदा लावली. आता इमारत रीडेव्हलपमेंटला जातेय. लिफ्ट मिळेल, मोठं घर मिळेल, बिल्डर तोवरचं भाडंही देणार. मी ग्रुपवर आनंदाने ‘हो’ असं मत दिलं.

मागच्या आठवड्यात ती भाड्याची घरं बघायला गेली. एकट्या बाईला द्यायचं नाही म्हणून पहिल्या मालकाने फोनवरच नकार दिला. दुसऱ्या ठिकाणी एजंटने विचारलं, ‘आजी, मुलगा कुठे असतो?’ अमेरिकेत म्हटल्यावर त्याने लगेच किल्ली काढली. तिची स्वतःची शिक्षिकेची पेन्शन आहे, ती किती हे त्याने विचारलंसुद्धा नाही.

बिल्डर म्हणतो तीन वर्षं. भाडेकरार ११ महिन्यांचा. आई ७९ ची आहे. रात्री फोनवर तिने एवढंच विचारलं, ‘म्हणजे सामान किती वेळा बांधायचं रे?’