भात बंद करून कुत्र्याचं यीस्ट मरत नाही

गेल्या आठवड्यात तोच मेसेज मला तिसऱ्यांदा आला, यावेळी बिल्डिंगच्या ग्रुपवर. थोडक्यात तो असा: कुत्रा सारखा खाजवतो, पंजे चाटतो, कानाला वास येतो म्हणजे त्याच्या पोटात यीस्ट वाढलंय, यीस्ट साखरेवर जगतं, म्हणून भात, पोळी, बटाटा, रताळं सगळं बंद करा, दही-लसूण द्या, अंगाला खोबरेल तेल आणि व्हिनेगर लावा, आधी त्रास वाढेल पण घाबरू नका, ते यीस्ट मरत असल्याची खूण आहे, ॲलर्जी कशाची ते केस पाठवून टेस्ट करून घ्या, डॉक्टर काय नुसत्या गोळ्याच देतात.

यातलं बरंचसं मी केलंय हो. आमचा चिकू, लॅब्रॅडॉर, आता सात वर्षांचा आहे, आणि त्याचे दोन पावसाळे मी या सल्ल्यात घालवले. म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहिते.

"यीस्ट साखरेवर जगतं." पावात घालतो ते जगतं. कुत्र्याच्या कातडीवरचं यीस्ट वेगळं, त्याचं नाव मॅलॅसेझिया, आणि त्याला लागते चरबी, म्हणजे त्वचेतून जो तेलकटपणा येतो ना, तो. ते पोटातून वर येत नाही, धडधाकट कुत्र्याच्याही कानात, ओठांपाशी, बोटांच्या बेचक्यात ते असतंच, थोडंसं. तिथली कातडी सुजली, ओली राहिली, तेलकट झाली की मग ते बेसुमार वाढतं. भात खाल्ला म्हणून साखर कातडीवर झिरपत नाही, रक्तातली साखर शरीर आपली आपण ताब्यात ठेवतं. आणि कुत्र्याला पिष्ट पचत नाही म्हणणाऱ्यांसाठी, २०१३ साली लांडगे आणि कुत्रे यांचे जनुक तपासले तेव्हा पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती कुत्र्यांमध्ये लांडग्यांपेक्षा कितीतरी जास्त सापडल्या. आपल्याबरोबर हजारो वर्षं राहून, आपलं उष्टं खाऊन झालंय ते.

मग खाणं बदलल्यावर काही कुत्री बरी होतात ती कशी? होतात, खरंच होतात, पण कारण वेगळं असतं. खाण्याची ॲलर्जी बहुतेक वेळा प्रथिनाची असते. २०१६ मध्ये अशा २९७ कुत्र्यांच्या नोंदी एकत्र करून बघितल्या, त्यात बीफ ३४ टक्के, दूध-दुभतं १७, चिकन १५, गहू १३, आणि तांदूळ जेमतेम २ टक्के. ही कुत्री युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलियातली, म्हणून बीफ वर आहे. आता आपल्याकडचं ताट बघा, सकाळी दूध-पोळी, रात्री चिकन-भात. यादीतल्या चारपैकी तीन गोष्टी रोज पोटात, आणि आपण बंद काय करतो तर भात! वर दही चालू करतो, म्हणजे ज्याला दुधाचीच ॲलर्जी आहे त्याला आणखी तेच. मेसेजमधली हीच गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकते.

लसूण तर कृपा करून देऊच नका. कांदा-लसणाने कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात, ॲनिमिया होतो. खोबरेल तेलाचं म्हणाल तर, चरबीवर जगणाऱ्या जंतूच्या अंगावर तेल कशाला ओतायचं? व्हिनेगर सोललेल्या कातडीला झोंबतं, आणि कानात तर काहीच ओतू नका, आतला पडदा फाटलेला असला तर ते आत जाऊन नुकसान करतं.

आता "आधी त्रास वाढेल, घाबरू नका". याच वाक्याने माझा घात केला. चिकूच्या काखा काळ्या पडत गेल्या, कातडी हत्तीसारखी जाड झाली, आंबूस वास हॉलभर यायचा, रात्री दोन-दोन वाजता कान फडफडवायचा त्या आवाजाने जाग यायची, आणि मी घरच्यांना सांगत होते की थांबा, यीस्ट मरतंय. मरत काही नव्हतं, वाढत होतं. त्रास वाढला म्हणजे त्रास वाढला, एवढाच त्याचा अर्थ. औषध लागू पडतं तेव्हा वास आणि खाज कमी होत जाते.

केसांच्या टेस्टबद्दल एवढंच सांगते की २०१९ मध्ये त्वचारोगाच्या पशुवैद्यांनी एका कंपनीला खऱ्या कुत्र्यांच्या नमुन्यांबरोबर खेळण्याची नकली फर पाठवली, तर तिचेही ॲलर्जीचे रिपोर्ट आले. खाण्याच्या ॲलर्जीसाठी रक्ताच्या टेस्टवरही विसंबता येत नाही.

खात्रीची पद्धत एकच, आणि ती कंटाळवाणी आहे. कुत्र्याने आयुष्यात कधी खाल्लं नाही असं एक प्रथिन आणि एक पिष्ट, किंवा डॉक्टर देतात ते हायड्रोलाइज्ड फूड (प्रथिनाचे अगदी बारीक तुकडे केलेलं), आठ आठवडे, आणि त्याशिवाय काहीही नाही. काहीही म्हणजे वॉचमनकाकांचं बिस्किट नाही, सासूबाईंच्या हातची साय नाही, गोचिडीची फ्लेवरवाली चघळायची गोळीसुद्धा नाही (तिच्याऐवजी बिनवासाचं काय चालेल ते डॉक्टरांना विचारा, बंद मात्र करू नका). आमच्या घरी मासे येत नाहीत, त्यामुळे चिकूने ते कधी खाल्ले नव्हते, मग वेगळं पातेलं आणून उकडलेला बांगडा काटे काढून आणि उकडलेलं रताळं. हो, मेसेजमध्ये ज्यावर बंदी आहे तेच रताळं. पहिल्यांदा पाचव्या आठवड्यात मुलाने चिकनचा तुकडा दिला आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागलं. आठ आठवडे संपले की जुनं खाणं मुद्दाम परत द्यायचं, ॲलर्जी असेल तर बहुतेक वेळा दोन आठवड्यांत खाज परत येते. ही पायरी गाळली तर बरं कशाने वाटलं ते कधीच कळत नाही, उन्हाळा आला म्हणूनही वाटू शकतं. आमच्याकडे चिकन दिल्यावर चौथ्या दिवशी कान लाल. आणि घरचं खाणं कायम ठेवायचं तर कॅल्शियम वगैरे डॉक्टरांकडून बसवून घ्या, बांगडा-रताळ्यावर जन्म काढता येत नाही.

"डॉक्टर नुसत्या गोळ्या देतात" यामागचा वैताग मला समजतो. आम्हालाही वर्षभर न बघता तेच कानाचे ड्रॉप्स मिळत होते. पण मग मागायचं काय ते माहीत असू द्या: कातडीला टेप लावून आणि कानातला मळ घेऊन स्लाइड करा म्हणायचं. मायक्रोस्कोपखाली यीस्ट शेंगदाण्याच्या आकाराचं दिसतं, दहा मिनिटांत कळतं, बरोबर बॅक्टेरिया आहेत का तेही कळतं, कारण त्यांचं औषध वेगळं. अंगावरच्या यीस्टला २ टक्के क्लोरहेक्सिडीन आणि २ टक्के मायकोनॅझोलचा शाम्पू, आठवड्यातून दोनदा, तीन आठवडे, आणि फेस दहा मिनिटं अंगावर ठेवायचाच, लगेच धुतला तर पैसे पाण्यात. मग पंजे, काखा नीट कोरड्या. तरीही परत परत होत असेल तर पिसवा, हवेतल्या परागकणांची नाहीतर धुळीतल्या माइटची (डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्यांची) ॲलर्जी, थायरॉइड, हे शोधावं लागतं. चिकूला खाण्याबरोबर धुळीचीही आहे, त्यामुळे चिकन बंद असूनही जुलै-ऑगस्टमध्ये शाम्पू काढावाच लागतो.

त्याचे काखेतले केस परत आले. डाव्या कानाची नळी मात्र त्या दोन पावसाळ्यांत सुजून सुजून कायमची अरुंद झाली, डॉक्टर म्हणाले आता ती उघडणार नाही. दर रविवारी मी तो कान साफ करते, आणि अजूनही बाटली दिसली की तो टेबलाखाली जाऊन बसतो.