बालविवाह बिनबोभाट उरकायचाय? मग हे वाचाच

लग्नसराई जोरात आहे, सोलापूरचं ऊन डोकं फोडतंय आणि आठवी-नववीतल्या पोरी अजून उजवायच्या राहिल्यात म्हणून जिल्ह्यातल्या कितीतरी आईबापांचा जीव खालीवर होतोय. मी बाल संरक्षणाच्या कामात आहे, तुमची ही गैरसोय रोज बघते, म्हटलं चार गोष्टी फुकटात सांगाव्यात. यात माझं डोकं काही नाही, परवाच्या रविवारी एका गावानं आम्हाला जे शिकवलं तेच लिहितेय. गावाचं नाव विचारू नका.

मुहूर्त रविवारचाच धरा. शाळा बंद, हेडमास्तर पुण्याला भाचीच्या लग्नाला, जनरल रजिस्टर कपाटात आणि कपाटाची चावी हेडमास्तरांच्या खिशात. मॅडम वयाचा पुरावा आणणार कुठनं?

पत्रिका छापू नका, व्हाट्सअप आहे की.

आधार कार्डावर पोरीचं वय वाढवून घ्या. आता वयासाठी आधी शाळेचा दाखला बघायचा असं कायदा सांगतो, आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही असं सुप्रीम कोर्टानंही २०२४ मध्ये सांगितलंय, पण तुम्ही ते कार्ड असं तोंडापुढं नाचवा की समोरच्याला वाटावं आपणच पोरगी पळवून नेलीय यांची.

मांडवाचं कारण आधी सगळ्यांनी मिळून ठरवा ओ, एवढी तरी मेहनत घ्या. आम्ही उतरलो तर चुलता म्हणाला वास्तुशांती आहे. घर वीस वर्षांचं, पत्रा गंजलेला. मामा म्हणाला पोरीच्या भावाचा वाढदिवस. पोरीला भाऊच नाही. आचाऱ्याला विचारलं तर तो बिचारा भात ढवळत खरं बोलला, "पाचशे पानाची ऑर्डर हाय मॅडम, कशाची ते मला म्हाईत नाय." बाकी पाहुणचार मात्र चोख ठेवा. पोरगी कुठाय एवढं सोडून सगळ्यांनी सगळं विचारलं, चहा घेणार का, जेऊन जावा की, शेंगाची चटणी बांधून देऊ का.

ग्रामसेवक भाऊसाहेबांना त्या दिवशी परगावी काम निघालेलं बरं. गावातले बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तेच असतात, उगाच त्यांना अवघड जातं.

आणि फोन जवळ ठेवा. चाइल्डलाइनच्या १०९८ नंबरवर कळवणाऱ्यानं जीव मुठीत धरून रात्री अकराला कळवलेलं असतं, आमची भाड्याची जीप सोलापुरातल्या सात रस्ता चौकातनं हलायच्या आत तुमच्या गावात निरोप पोचतो. कसा पोचतो हे मला अजून कळलेलं नाही, पण एवढी चपळाई आमच्याकडं असती तर काय पाहिजे होतं! पोरगी तोवर मावशीच्या शेतात, उसाच्या कडेच्या शेडमध्ये. आम्हाला ती सापडली साडेतीन वाजता. हिरवा चुडा मोठ्या बाईच्या मापाचा आणलेला, तो सारखा घसरत होता म्हणून ती हात कोपरात वाकवून उभा धरून बसलेली. जीपमध्येही तसाच. पडला तर आई ओरडेल म्हणाली.

आता शेवटची सूचना, फोटो काढा.

काढाच. पोरीला जीपमध्ये बसवताना पुढं व्हा, मोबाईल आडवा धरा, तोंड नीट येऊ द्या. मग लिहा 'आमच्या प्रयत्नांना यश, बालविवाह रोखला', खाली तुमचं नाव, पद, हात जोडलेली इमोजी. परवा हेच झालं. दिवसभर ज्या माणसाचं तोंड दिसलं नाही तो सामाजिक कार्यकर्ता चार वाजता उगवला, पाच वाजता पोरीचा फोटो नावागावासकट तालुक्याच्या ग्रुपवर, आणि आम्ही तिला २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढं न्यायची तयारी करतोय तोवर तिच्या वर्गातल्या पोरांच्या स्टेटसला ती, ओ! अभिनंदनाचे अंगठे वर. भाऊ, दादा, साहेब, एकच नंबर. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली अशा मुलीची ओळख उघड करता येत नाही, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे मी त्यांना फोनवर सांगितलं. तर म्हणाले, "मॅडम, पॉझिटिव्ह बातमी आहे, तुमचंच कौतुक केलंय." माझं कौतुक! तिला दोन महिन्यांनी त्याच गावात, त्याच शाळेत जायचंय, दुकानात साखर आणायला जायचंय, आणि प्रत्येक जण तिच्याकडं बघून तोच फोटो आठवणार. लग्न मोडलेली म्हणून दोन वर्षांत पुन्हा कुणाच्या तरी गळ्यात बांधतील तिला, तेव्हा तुमचा हा फोटोच दाखवतील नाव खराब झालं म्हणून.

जाऊ दे, सूचना वगैरे खड्ड्यात गेल्या.

पाचशे पानं होती त्या मांडवात. आचारी आला, मंडपवाला आला, बांगड्यावाली माप घेऊन गेली आणि तिला दिसलं नाही का हात केवढाय? भटजीला वय विचारता आलं नाही? लग्न लावणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे, २००६ चा कायदा आहे, नवा नाही. आईबापाची गरिबी मला कळते, ऊसतोडीला जाताना वयात आलेली पोर कुणाकडं ठेवायची हा प्रश्न खराय, त्यांच्याशी मी तासभर बोलले, भांडले नाही. पण तुम्ही बाकीचे? तुम्हाला आम्ही निघालो ते कळवायला फोन होता, फोटोला फोन होता, पाचशेतल्या एकालाच तेवढे चार आकडे दाबता आले. नावही सांगावं लागत नाही तिथं.

आणि तो फोटो अजून ग्रुपवर आहे, मी आज सकाळी बघितला. डिलीट करा तो आधी.