चोळू नका!

परवा संध्याकाळी रविवार कारंजाजवळ फुटपाथवर उभ्या असलेल्या एका स्कूटीच्या साइड स्टँडवर माझ्या पायाची करंगळी आपटली. स्कूटी फुटपाथवर का, हे नाशकात विचारायचं नसतं.

पहिली सणक लगेच पोचली. ती आणणाऱ्या मज्जातंतूंवर मायलिनचं, म्हणजे चरबीचं, वेष्टण असतं, म्हणून त्यांचा वेग सेकंदाला ५ ते ३० मीटर. खरी ठसठस आणणारे सी तंतू उघडेबोडके, सेकंदाला जेमतेम मीटरभर सरकणारे. संध्याकाळी ट्रॅफिकनं तुंबलेलं द्वारका सर्कलच! करंगळी ते मज्जारज्जू हे अंतरही साधारण मीटरभरच. म्हणजे पुढचं दुखणं येतंय हे कळायला सेकंदभर मिळतो. माझ्या त्या सेकंदात एक काका आले. हातात कोथिंबिरीची जुडी.

मी वाकून बोट चोळत होतो.

"चोळू नका! वाढतं."

चोळल्यावर स्पर्शाचे जाड तंतू जागे होतात आणि मज्जारज्जूतल्या फाटकापाशीच वेदनेला अडवतात, असं मेल्झॅक आणि वॉल या संशोधकांनी १९६५ सालीच मांडलंय. हे मी एका पायावर उभं राहून सांगितलंसुद्धा.

"ते तिकडे," काका म्हणाले. "आपल्याकडे सूज येते. शुगर आहे?"

"नाही."

"तपासली?"

"..."

"आमच्या मेव्हण्याचं अस्संच. करंगळीच. आधी जांभळी, मग काळी." काकांनी जुडीनं माझ्या बोटाकडे निर्देश केला. "डॉक्टर म्हणाले, आता घोट्यापर्यंत जाऊ."

पाय दुप्पट दुखू लागला. नाटक नव्हे हो! मेंदू वरून मज्जारज्जूला हुकूम सोडत असतो: वेदना दाब, नाहीतर वाढव. दाबायला शरीराची स्वतःची अफू असते, एंडॉर्फिन. १९७८ मध्ये अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांना खोट्या औषधानं आराम पडला आणि अफूचा परिणाम रोखणारं नॅलॉक्सोन दिल्यावर तो आराम गेला. भीती घातली की गाडी उलटी फिरते. मेव्हण्याचा घोटा हे फार प्रभावी औषध आहे, फक्त उलट्या दिशेचं.

"ही गाडी कोणाची?" मी विषय बदलला.

"माझीच. तुम्ही पण बघून चालायचं ना."

बघून चालायला जागा लागते. फुटपाथवर गाड्या, म्हणून माणूस रस्त्यावर उतरतो; मग रिक्षावाला ओरडतो, फुटपाथ दिसत नाही का? दिसतो की! त्यावर स्कूटी दिसते.

माझं हे बोलून होईपर्यंत काकांनी जुडी डिकीत टाकली होती.

"जरा सरकता का? गाडी काढायचीय."