शिबिर कसं भरवावं

बस्तीतल्या बायकांसाठी कॅन्सर-जागृतीचं शिबिर घ्यायचं मनात आलं, की आधी बॅनर छापायला टाका. डॉक्टर मागाहून मिळतो. बॅनरवर अध्यक्षा, उपाध्यक्षा, दोन्ही चिटणीस आणि हॉलचं भाडं भरणारे भाऊसाहेब बसले पाहिजेत. जागा उरली तर आजाराचं नाव घाला. पण 'पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर' असं सरळ लिहू नका, भाऊसाहेब अवघडतात. 'महिला आरोग्य' पुरे.

महिना ऑक्टोबर, स्तनाच्या कॅन्सरच्या जागृतीचा, म्हणजे गुलाबी साड्या निघतात. वेळ सकाळी अकराची. इंदूरच्या मालवा मिलकडच्या बायका त्या वेळी तिसऱ्या घरची भांडी आटोपून चौथ्या घरी निघालेल्या असतात, हे खरं. पण पोहे-जिलेबी होऊन आपण मोकळ्या होतो त्या तेव्हाच. संध्याकाळी सातला बस्तीतच एखादी खोली बघू, असं आमच्या मंडळात एकीनं सुचवलं होतं. तिला आम्ही रांगोळीवर घातलं.

ऑक्टोबर हुकला तर संक्रांतीचं हळदीकुंकू आहेच. जानेवारी हा गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा जागृती-महिनाही असतो. हळदीकुंकवाचा आणखी एक फायदा. विधवा आपसूक गळतात. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर लगेच दाखवा, हे ज्यांच्या कानावर घालायचं त्या वयाच्या बऱ्याचजणी त्या गळालेल्यांतच येतात, पण वाण पुरतं.

तपासणी मात्र ठेवू नका. ती ठेवली की पडदा लागतो, टेबल लागतं, चांगला उजेड आणि शिकवलेली नर्स लागते. आणि मग सगळ्यांना कळतं की एवढंच लागतं! गर्भाशयाच्या तोंडाला पातळ अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावायचं, मिनिटभर थांबायचं, पांढरा डाग उमटतो का बघायचं. आनंदमेळ्यात आपल्या चायनीजच्या स्टॉलवर व्हिनेगरची बाटली असते ना, त्यातलंच ते. मुंबईत टाटा हॉस्पिटलनं 1998 पासून झोपडपट्ट्यांमधल्या दीड लाख बायकांवर अभ्यास केला. दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना तयार करून निम्म्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी हीच तपासणी केली. तिथं या कॅन्सरनं होणारे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले. असलं काही माईकवर बोलू नका, शाल-श्रीफळाचं बजेट धोक्यात येतं. शिवाय त्या बायका घरोघरी गेल्या होत्या. घरोघरी जायचं काम इंदूरमध्ये कचरागाडीचं. 2017 मध्ये स्वच्छतेत देशात पहिला नंबर आणला तो तिनं, महिला मंडळानं नव्हे.

तरी कुणी विचारलंच, तर सांगा की तिशीनंतरच्या बायकांची तपासणी सरकारी योजनेत आहे. ती आहेच. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 30 ते 49 वयाच्या शंभर बायकांत जेमतेम दोघींची ती झालेली निघाली, एवढं तेवढं गाळा.

आणि एखादीच्या छातीत गाठ लागलीच, तर तिला चिठ्ठी द्या: 'मोठ्या दवाखान्यात दाखवणे.' सोबत जाऊ नका. तिचे दोन खाडे होतील, खिडकीवर कुणी आधारकार्डाची झेरॉक्स मागेल, मग ती परत येईल आणि पुन्हा जाणार नाही. तेवढ्यात आपला अहवाल छापून झालेला असतो.

गेल्या खेपेला मी आमच्या भांडीवाल्या मावशींना मुद्दाम नेलं. (सुट्टी दिली नव्हती, भांडी दुपारी घासा म्हटलं होतं.) पहिल्या रांगेत बसवलं, पदराला गुलाबी रिबीन लावली, फोटो काढला. तेवढ्यात चहाचे कप कमी पडले. अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं, मी मावशींकडे. डॉक्टरांचं अख्खं भाषण मावशींनी हॉलमागच्या मोरीत ऐकलं, नळ चालू ठेवून.

परतताना रिक्षात म्हणाल्या, "ताई, अंगावरून सारखं पांढरं जातं, वास येतो. विचारणार होते. पण डॉक्टर गडीमाणूस निघाला."

मी म्हटलं, पुढच्या शिबिरात लेडी डॉक्टर बोलावू.

पुढचं शिबिर आठ मार्चला आहे. मेंदीवाली ठरली आहे, बॅनरही टाकला. मावशींची ती रिबीन कुठं गेली कोण जाणे. तिची पिन त्यांनी चपलेच्या तुटक्या पट्ट्याला लावली आहे, सकाळी दाराशी दिसते.