‘आय अ‍ॅम लव्हिंग इट’ चूक आहे का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. इंग्रजीतल्या क्रियावाचक (कृती दाखवणाऱ्या, जसं ‘राइट’) आणि स्थितिवाचक (स्थिती दाखवणाऱ्या, जसं ‘नो’) क्रियापदांवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. तुमचे आक्षेप दोन आहेत. पहिला असा की ‘नो, लव्ह, थिंक, हॅव, सी या क्रियापदांना आयएनजी लागत नाही’ हा नियमच खोटा आहे; मॅकडोनाल्डची ‘आय अ‍ॅम लव्हिंग इट’ ही जाहिरात २००३ पासून जगभर ऐकू येते आणि ‘वी आर हॅविंग अ मीटिंग’ तर रोज कानावर पडतं. दुसरा असा की ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे त्यांना हा फरक सांगताही येत नाही, ते ऐकून ऐकून बोलतात. मग मुलांवर या वर्गीकरणाचं ओझं कशाला?

पहिला आक्षेप मला मान्य आहे. चूक माझीच आहे. मी क्रियापदांची यादी दिली आणि यादी पाठ केली की काम झालं, असा समज त्यातून होतो. मूळ लेखातलं ते वाक्य आता बदललं आहे. दुसरा आक्षेप मात्र मला पटत नाही आणि त्याचं कारण जरा सविस्तर सांगायला हवं.

आयएनजी बाजूला ठेवून आधी साधा वर्तमानकाळ बघा. ‘आय राइट’ या वाक्यातून मी आत्ता लिहितो आहे असं कळत नाही. मी लिहीत असतो, लिहिणं हे माझं काम किंवा माझी सवय आहे, एवढंच कळतं. आत्ताचं सांगायचं तर ‘आय अ‍ॅम रायटिंग’ म्हणावं लागतं. पण ‘आय नो’ म्हटलं की ‘मला माहीत आहे’, तेही आत्ता, या क्षणी. तिथे ‘आत्ता’ दाखवायला आणखी कशाची गरजच उरत नाही. दोन गटांमधला खरा फरक इथे आहे. आयएनजी लागत नाही हा त्याचा नुसता परिणाम, आणि आपण शिकवतो तो फक्त परिणाम.

असं का व्हावं? लिहिण्याला सुरुवात, मध्य आणि शेवट असतो. त्याच्या मध्यावर माणूस सापडू शकतो. माहीत असण्याला असा मध्य नाही. त्यातला कुठलाही क्षण उचला, तो आधीच्या क्षणासारखाच असतो. तत्त्वज्ञ झेनो वेंडलर यांनी १९५७ सालच्या एका लेखात क्रियापदांचे काळाच्या दृष्टीने चार वर्ग केले, आणि ‘तू काय करतो आहेस?’ या प्रश्नाला ‘धावतो आहे’ हे उत्तर चालतं पण ‘माहीत आहे’ हे चालत नाही, या साध्या निरीक्षणाचा आधार घेतला. वर्गात मला हीच कसोटी सर्वांत उपयोगी पडली आहे.

हा फरक इंग्रजीत पहिल्यापासून आजच्या इतका पक्का नव्हता, हेही सांगायला हवं. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मध्ये राजपुत्र पुस्तक वाचत येतो, तेव्हा पोलोनियस त्याला विचारतो, ‘व्हॉट डू यू रीड, माय लॉर्ड?’ आज कुणीही ‘व्हॉट आर यू रीडिंग’ असंच विचारेल. सुमारे चारशे वर्षांपूर्वी साध्या रूपानेही हे काम भागत होतं. पुढे कृतीच्या क्रियापदांना आयएनजीचं रूप जवळजवळ सक्तीचं झालं. स्थितीच्या क्रियापदांना त्याची गरज नव्हती, म्हणून ती जुन्या जागीच राहिली.

आता तुमची उदाहरणं. ‘आय हॅव अ कार’मधलं हॅव म्हणजे माझ्याकडे असणं. ‘वी आर हॅविंग अ मीटिंग’मधलं हॅव म्हणजे बैठक घेणं. शब्द एक, अर्थ दोन. ‘आय थिंक ही इज राइट’ हे मत झालं, तर ‘आय अ‍ॅम थिंकिंग’ हे डोक्यात चाललेलं काम. ‘द फ्लॉवर स्मेल्स नाइस’ इथे फुलाला वास आहे, फूल काही करत नाही. ‘शी इज स्मेलिंग द फ्लॉवर’ इथे ती मुद्दाम नाक जवळ नेते. आणि मला सर्वांत आवडणारी जोडी : ‘यू आर रूड’ म्हणजे तुम्ही उद्धट आहात, ‘यू आर बीइंग रूड’ म्हणजे तुम्ही आत्ता उद्धटपणे वागताय. पहिलं स्वभावाबद्दल आहे, दुसरं वागण्याबद्दल. म्हणून ‘ही इज बीइंग टॉल’ कुणी म्हणत नाही. उंची ही वागण्यातली गोष्टच नाही. तेव्हा ‘बी’सारखं क्रियापदही दोन्ही बाजूंना जाऊ शकतं. गट शब्दांचे नाहीत, वाक्यातल्या अर्थाचे आहेत. लेखात मी हेच लिहायला हवं होतं.

जाहिरातीतलं ‘लव्हिंग’ थोडं वेगळं आहे. तिथे प्रेम ही कायमची स्थिती न राहता या क्षणी घेतला जाणारा आनंद होतो. मोकळ्या बोलण्यात अशी वाक्यं सर्रास येतात आणि ती चूक नाहीत. पण ‘आय अ‍ॅम लव्हिंग माय मदर’ म्हटलं तर ऐकणारा अडखळेल, कारण ते प्रेम आजपुरतं आहे असा अर्थ त्यातून निघतो.

आता दुसऱ्या आक्षेपाकडे येतो, आणि इथे मी ठाम आहे. लहानपणापासून इंग्रजी ऐकत वाढलेल्या मुलाला हा फरक सांगावा लागत नाही, हे खरं. आपल्या मुलांना मात्र त्यांचीच भाषा उलट दिशेने ओढते. मराठीत ‘मला कळतंय’, ‘मला वाटतंय’, ‘मला आवडतंय’, ‘मला दिसतंय’ ही सगळी रूपं बिनचूक आहेत. आपलं ‘तंय’ स्थितीलाही सहज चिकटतं. मूल ‘आय अ‍ॅम अंडरस्टँडिंग’ म्हणतं तेव्हा ते निष्काळजी नसतं, ते मराठीशी प्रामाणिक असतं. त्याला ‘चूक’ म्हणून गप्प करण्यापेक्षा दोन भाषांच्या वाटा कुठे वेगळ्या होतात ते दाखवलं पाहिजे.

आणि ते दाखवायचं साधनही मराठीतच आहे. ‘तंय’कडे लक्ष देऊ नका, कर्त्याच्या जागी काय येतं ते बघा. ‘मी बघतो’ म्हणजे लुक किंवा वॉच, ‘मला दिसतं’ म्हणजे सी. ‘मी ऐकतो’ म्हणजे लिसन, ‘मला ऐकू येतं’ म्हणजे हिअर. मला आवडतं, मला माहीत आहे, मला हवं आहे, मला आठवतं, मला वाटतं : लाइक, नो, वाँट, रिमेंबर, थिंक. जिथे मराठी माणूस ‘मी’ न म्हणता ‘मला’ म्हणतो, तिथे गोष्ट आपण करत नसतो, ती आपल्याला होत असते. इंग्रजीत दोन्हीकडे ‘आय’च येतं, त्यामुळे फरक डोळ्यांना दिसत नाही. आपल्याकडे तो उघड दिसतो.

ही खूण सगळीकडे चालत नाही. ‘मी त्याला ओळखतो’ इथे ‘मी’ आहे, तरी इंग्रजीत ‘आय नो हिम’च. प्रेम आपण ‘करतो’, पण ‘लव्ह’ बहुधा स्थितीच असते. मालकीसाठी ‘माझ्याकडे’ येतं. तरीही रोजच्या बोलण्यातल्या बऱ्याच चुका या एका खुणेने टळतात, हा माझा शिकवतानाचा अनुभव आहे.

याउलट ‘सिट’ आणि ‘स्टँड’ मराठीला चकवतात. ‘ती खुर्चीत बसली आहे’ ही आपल्या दृष्टीने पूर्ण झालेली क्रिया, म्हणून मुलं ‘शी हॅज सॅट’ लिहितात. इंग्रजीला मात्र तिथे ‘शी इज सिटिंग’ हवं असतं. बसून असणं ही खरं तर स्थितीच, तरी आयएनजी लागते, कारण ती तात्पुरती आहे. माणूस थोड्या वेळाने उठणार आहे. चौकातला पुतळा उठणार नसतो, म्हणून ‘द स्टॅच्यू स्टँड्स देअर’. यावर वेगळा लेख लिहायचं मनात आहे.

आपल्या ‘क्रियापद’ या नावामुळेही थोडा घोटाळा होतो. नाव ऐकून वाटतं, क्रिया हवीच. पण प्राचीन भाषाभ्यासक यास्कांच्या ‘निरुक्त’ या ग्रंथात वार्ष्यायणी या आचार्यांचे म्हणून जे सहा भावविकार, म्हणजे असण्या-होण्याचे प्रकार, दिले आहेत त्यांत जन्मणे, बदलणे, वाढणे, क्षीण होणे आणि नष्ट होणे यांच्या पंक्तीत ‘अस्ति’, म्हणजे नुसतं असणंही आहे. असणं हेही क्रियापदाचंच काम आहे, हे मुलांना आधी सांगितलं तर ‘स्थितिवाचक’ हा शब्द जड वाटत नाही.

शेवटी तुम्ही विचारलं आहे की ‘आय अ‍ॅम हॅविंग अ डाउट’ हे चूक की बरोबर. आपल्याकडे ते सर्वांना कळतं आणि बोलणाऱ्याला हिणवायचं काही कारण नाही. पण प्रमाण इंग्रजीत ते बसत नाही. मराठीत काय म्हणाल? ‘मला शंका आहे.’ ‘मला’ आलं, म्हणजे ‘आय हॅव’. आणि शंका म्हणजे नुसता विचारायचा प्रश्न असेल, तर ‘आय हॅव अ क्वेश्चन’.